टांगलेल्या गायीची बाजू

गायीवर विनोद करूच नये, असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यांच्यापेक्षा एक पायरी वर उभ्या असलेल्यांशी. यांना विनोदाचं वावडं नसतं. यांच्या कपाटात पुलं असतात, चिं. वि. जोशी असतात, मोबाइलवर स्टँडअपच्या चित्रफिती असतात. यांचं म्हणणं फक्त एवढंच की चेष्टेने पूर्वग्रह जात नाहीत, उलट माणसं बिथरतात. कलावंताला समाजाला काही सांगायचं असेल तर त्याने ते सरळ, गंभीरपणे, कोणाचं मन न दुखावता सांगावं. जयपूरच्या मालवीय नगरात हा युक्तिवाद चहाबरोबर हमखास येतो, मराठी घरांत आणि मारवाडी घरांतही. कारण त्याचा दाखला तिथून फार लांब नाही. “ती गाय टांगली होती ना कला केंद्रात? काय साधलं? नुसता गोंधळ.” दहा वर्षं उलटून गेली तरी हे वाक्य जसंच्या तसं ऐकू येतं. त्याचा एकदा नीट समाचार घेतला पाहिजे.

काय घडलं ते आधी. २१ नोव्हेंबर २०१५. जवाहरलाल नेहरू मार्गावरच्या जवाहर कला केंद्रात जयपूर आर्ट समिट भरली होती. सिद्धार्थ करारवाल या कलावंताने थर्माकोलची एक गाय केली होती आणि ती गॅसच्या फुग्याला बांधून हवेत सोडली होती. प्लास्टिक खाऊन गायी मरतात, एवढंच तिचं सांगणं. खालून पाहणाऱ्या काहींना मात्र मेलेली गाय लटकवली आहे असं दिसलं. तक्रार गेली, पोलीस आले, गाय उतरवा म्हणाले, वादावादी आणि झटापट झाली. अनिश अहलुवालिया यांच्यासह दोघा कलावंतांना बजाज नगर ठाण्यात नेण्यात आलं. गाय करारवालची आणि ठाण्यात गेले दुसरेच. पुढे मुख्यमंत्री वसुंधरा राजे यांनी खेद व्यक्त केला, संबंधित पोलिसांवर कारवाई झाली. आणि खाली उतरवलेल्या त्या गायीला हार घालून तिची पूजा झाल्याच्या बातम्याही छापून आल्या.

थर्माकोलची पूजा! जे खाऊन गाय मरते त्याच जातीच्या पदार्थाची गाय, आणि तिच्या गळ्यात झेंडूचा नाही तर कसला तरी हार. करारवालने प्रयोगाचा अर्धाच भाग रचला होता. उरलेला अर्धा पोलिसांनी आणि भक्तांनी करून दाखवला, तोही तालमीशिवाय. गाय मुकाट्याने टांगलेली राहिली असती तर ती प्रदर्शनातली आणखी एक वस्तू ठरली असती. चार विद्यार्थ्यांनी फोटो काढले असते, एखाद्या समीक्षकाने पर्यावरणावर चार ओळी लिहिल्या असत्या आणि संध्याकाळी सगळे घरी गेले असते. गाय खाली आली तेव्हाच ती बोलायला लागली. गायीचं चित्र आम्हाला गायीपेक्षा पवित्र आहे, हे तिने जयपूरकडून वदवून घेतलं. “काय साधलं?” या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. पण विचारणाऱ्यांचं तेवढ्याने समाधान व्हायचं नाही.

ते म्हणतात, सांगायचं ते सरळ सांगायचं होतं. ठीक. मग सरळ सांगून काय झालं ते बघू. राजस्थानात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली १ ऑगस्ट २०१० पासून, म्हणजे ही गाय हवेत जाण्याच्या पाच वर्षं आधी. २०१२ मध्ये कुणाल वोहरा यांचा ‘द प्लास्टिक काऊ’ हा माहितीपट आला. त्यात शस्त्रक्रिया करून गायीच्या पोटातून ओढून काढलेलं प्लास्टिक दाखवलं आहे. पाहवत नाही ते. ‘करुणा सोसायटी’ ही संस्था याच विषयावर सर्वोच्च न्यायालयात गेली. पशुवैद्य तर वर्षानुवर्षं घसा कोरडा करत आहेत. गंभीर भाषेची कसलीच उणीव नव्हती: कायदा होता, याचिका होती, माहितीपट होता, डॉक्टर होते. एवढ्या सगळ्या गांभीर्याने रस्त्यावरची एक पिशवी हलली नाही. आणि कलावंताने मात्र आणखी एक गंभीर फलक लावावा, अशी अपेक्षा!

मालवीय नगरात सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर रिजक्याच्या, म्हणजे लसूणघासाच्या, हिरव्या जुड्या घेऊन चारेवाले बसतात. भोवती चार-पाच गायी. स्कूटरवाला थांबतो, पैसे देतो, चारेवाला जुडी गायीपुढे टाकतो, स्कूटरवाला तिच्या पाठीवरून हात फिरवून तो कपाळाला लावतो आणि ऑफिसला निघतो. चारा त्याने आणलेला नाही, गाय त्याने पाळलेली नाही. पुण्य मात्र त्याच्या खात्यावर. यात वाईट काही नाही, गायीचं पोट तर भरतं. पण पन्नास पावलांवर कचऱ्याचा डेपो आहे. तिथे त्याच घरांतून आलेल्या पिशव्या पडलेल्या असतात: रात्रीच्या उरलेल्या पोळ्या, भाजीची देठं, वरणाचा लगदा आणि रिकाम्या दुधाच्या पिशव्या, सगळं एकत्र कोंबून वर घट्ट गाठ मारलेली. गायीला गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट ओढते. दुधाची पिशवी गायीच्या पोटात परत जाते, हे चक्र कोणा व्यंगचित्रकाराने काढलं असतं तर अतिशयोक्ती म्हणून संपादकाने परत पाठवलं असतं.

पुढचं पोटात घडतं. शेळी ओठांनी चाचपून पानपान निवडते. गाय जिभेने वेटोळं घालून ओढते आणि अर्धवट चावून गिळते, रवंथ मागाहून. प्लास्टिक तिच्या कोटीपोटात जाऊन बसतं. ते पचत नाही, पुढे सरकत नाही. पिशव्यांवर पिशव्या साठून त्यांचा गोळा होतो. वीस-तीस किलोचे, कधी त्याहून मोठे गोळे शस्त्रक्रियेत निघाले आहेत. जागा व्यापली गेल्यामुळे भूक मरते, खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि गाय भरल्या पोटाने उपाशी मरते. बाहेरून तिचं पोट फुगलेलं दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, काय छान खाल्लं-प्यालेली आहे! आता मला सांगा, आतून प्लास्टिकने भरलेला आणि बाहेरून तट्ट दिसणारा हा प्राणी कलावंताने कसा दाखवायचा होता? संगमरवरात? जयपुरात संगमरवराच्या गायी घडवून मिळतात, वासरासकट. थर्माकोल आणि फुगा यांच्याइतकं नेमकं द्रव्य मला तरी सुचत नाही. तिथे विनोद वरून शिंपडलेला नव्हता. वस्तुस्थितीच तशी होती, आणि करारवालने ती फक्त जमिनीपासून थोडी वर उचलली.

यावर म्हणतात, भावनांचं काय? लोकांना खरोखर वाईट वाटलं असेल ना? वाटलं असेल. पण भावनेचीही परीक्षा घेता येते. त्या गायीनंतर जेमतेम आठ महिन्यांनी, २०१६ च्या जुलै-ऑगस्टात, जयपूरजवळच्या हिंगोनिया गोशाळेत खऱ्या गायी मरायला लागल्या. गोशाळा नगर निगमची, म्हणजे सरकारी. कंत्राटी कामगारांचे पगार थकले होते, ते संपावर गेले. पाऊस लागला, शेण आणि चिखल एक झाला, गायी त्यात रुतल्या, त्यांना चारा घालायला आणि उठवायला कोणी उरलं नाही. दोन आठवड्यांत पाचशेच्या आसपास गायी मेल्या. ज्या राज्याने देशात पहिल्यांदा गोपालनासाठी स्वतंत्र मंत्री नेमला, त्या राज्याच्या राजधानीत. मग ओरड झाली, उच्च न्यायालयाने खडसावलं, चौकशा लागल्या, पुढे गोशाळा एका धर्मादाय संस्थेकडे सोपवण्यात आली. हे सगळं झालं, ते नाकारणार नाही. पण वेळेचा हिशेब पाहा. थर्माकोलच्या गायीसाठी पोलीस त्याच दिवशी धावले. चिखलातल्या गायींना व्यवस्था जागी व्हायला शेकडोंनी मरावं लागलं.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की दुखावते ती भावना नक्की कोणती हे दिसायला लागतं. ती गायीबद्दलची नव्हे. आपण गोभक्त आहोत या आपल्या स्वतःबद्दलच्या चित्राला ओरखडा गेला, त्याचा तो कळवळा. टांगलेली गाय तुमच्या-माझ्या घरातल्या कचऱ्याच्या पिशवीकडे बोट दाखवत होती. ते बोट दिसू नये म्हणून गाय खाली उतरवणं भाग होतं.

“आपल्या परंपरेत हे बसत नाही” असं म्हणणाऱ्यांनी परंपरा जरा उघडून पाहावी. राजस्थानात बहुरूपी दारोदार फिरत आले. आज महादेव, उद्या माकड, परवा फौजदार. भिलवाड्याच्या जानकीलाल भांड यांना याच कलेसाठी २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. महादेवाचं सोंग घेऊन पैसे मागणाऱ्याला सरकार गौरवतं, थर्माकोलच्या गायीला पोलीस येतात. यातली परंपरा कोणती आणि आगंतुक कोण?

महाराष्ट्राकडे तर या बाबतीत इतकं भांडवल आहे की मराठी माणसाने ‘भावना दुखावतात’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी दहादा विचार करावा. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट उभं करून धार्मिक खुळांची जी टवाळी केली, तिला शंभराहून अधिक वर्षं झाली. सावरकरांचं नाव तर आज गोभक्तीच्या व्यासपीठांवर मोठ्याने घेतलं जातं. त्यांच्या निबंधाचं शीर्षकच ‘गोपालन हवे, गोपूजन नव्हे’ असं आहे. गाय हा उपयुक्त पशू आहे, त्याला देव मानून माणसाने स्वतःला पशूहून खाली आणू नये, ही त्यांची मांडणी. पंचगव्याने पवित्र व्हायचं आणि माणसाच्या स्पर्शाने बाटायचं, या विसंगतीवर त्यांनी ओढलेले कोरडे करारवालच्या गायीपेक्षा कितीतरी जास्त झोंबणारे आहेत. सावरकरांच्या बाकीच्या राजकारणाशी माझं अजिबात जमत नाही. पण या एका निबंधापुरतं म्हणायचं, तर त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांनी तो वाचायला हरकत नाही.

आणि गाडगेबाबा. हे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण “विनोद करणाऱ्याला श्रद्धा नसते” हा आरोप त्यांच्यावर कोणी करू शकत नाही. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर खापर, हातात खराटा. आजच्या भाषेत सांगायचं तर हा माणूस चोवीस तास परफॉर्मन्स करत होता. गावात शिरायचं, आधी रस्ते झाडायचे, आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात उभं-आडवं घ्यायचं. कीर्तन म्हणजे प्रश्नांची फैर. साधे, भाबडे वाटणारे प्रश्न. समोरचे हजारो लोक उत्तरं देत जायचे, हसत जायचे आणि हसता हसता स्वतःच्याच तोंडाने आपला नवस, आपला बळी, आपली शिवाशीव खोटी ठरवून मोकळे व्हायचे. हे ज्या माणसाने केलं त्यानेच मूर्तिजापूरला गोरक्षण उभं केलं, भाकड आणि म्हाताऱ्या जनावरांसाठी. गायीची काळजी घेणं आणि देवभोळेपणाची टर उडवणं ही दोन कामं एकाच माणसाने, एकाच हयातीत, एकाच तळमळीने केली. मालवीय नगरच्या दिवाणखान्यातला युक्तिवाद इथे कोलमडतो. विनोदाने माणसं बिथरतात म्हणे. विदर्भातली खेडीच्या खेडी रात्र रात्र बसून हा विनोद ऐकत होती, आणि सकाळी उठून खराटा हातात घेत होती.

आता जरा आपल्या बाजूच्या लोकांकडे वळतो. कारण त्या गायीची खरी हानी काही अंशी तिच्या कैवाऱ्यांनी केली असं माझं मत आहे. घटना घडल्याबरोबर समर्थक पुढे आले ते हे म्हणत की बघा, कलावंत तर गायीच्या बाजूचा आहे, त्याला गायींचा कळवळा आहे, तुम्ही गैरसमज करून घेतला. खरं असेल, आहेही. पण या बचावात एक वाईट गोष्ट कबूल केली जाते: विनोद करणाऱ्याने आधी भक्तीचा दाखला सादर करावा, मग हसण्याची परवानगी मिळेल. हा दाखला प्रत्येकाला मिळत नाही. तो मागताना आधी नाव विचारलं जातं.

पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांना तो मिळाला नाही. खटल्यांवर खटले पडले, प्रदर्शनं फोडली गेली, २००६ मध्ये त्यांनी देश सोडला, २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं आणि २०११ मध्ये लंडनमध्ये ते वारले. विठोबाच्या गावचा माणूस. स्टँडअप विनोदकार मुनव्वर फारुकीला १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये कार्यक्रमातून उचललं; सर्वोच्च न्यायालयाने जामीन देईपर्यंत त्याने महिन्याहून अधिक काळ तुरुंगात काढला. आणि गायीचीच गोष्ट करायची तर १ एप्रिल २०१७ चा दिवस आठवा. हरियाणातल्या पहलू खान यांनी जयपूरच्या जनावरांच्या बाजारातून दुभती जनावरं विकत घेतली, पावत्या खिशात होत्या. घरी परतताना बहरोडजवळ जमावाने त्यांना इतकं मारलं की दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. खटल्यातले सहा आरोपी २०१९ मध्ये संशयाचा फायदा मिळून सुटले. पहलू खान विनोद करत नव्हते. गाय पाळत होते. सावरकरांना जे ‘हवे’ होतं तेच.

म्हणून म्हणतो, करारवालच्या गायीचा बचाव ‘त्याचा हेतू चांगला होता’ या वाक्यावर उभा करू नका. हेतू वाईट असता, नुसती टिंगल असती, तरी थर्माकोलसाठी माणसाला ठाण्यात नेता येत नाही, एवढंच म्हणा. नाहीतर हीच गाय एखाद्या फारुकीने टांगली असती तर तिच्या समर्थनाला आपल्यापैकी किती जण उभे राहिले असते, याचं उत्तर द्यावं लागेल.

विनोदाने जातीसारखा विषय हलका होतो, असाही एक सूर असतो. तो मुख्यतः अशांचा, ज्यांना जात कधी जड झालेली नाही. २०१६ चा जुलै पुन्हा आठवा. हिंगोनियात गायी चिखलात मरत होत्या, त्याच महिन्यात गुजरातेत उनाजवळच्या मोटा समढियाळा गावात मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षक म्हणवणाऱ्यांनी उघडं करून, गाडीला बांधून पट्ट्यांनी मारलं. तारीख ११ जुलै. त्याला सुरेंद्रनगरच्या दलितांनी जे उत्तर दिलं ते या उपखंडातल्या कलेच्या इतिहासात नोंदवलं पाहिजे. त्यांनी मेलेली जनावरं गाड्यांत घालून आणली आणि जिल्हाधिकारी कचेरीसमोर टाकली. तुमची आई आहे ना, मग तुम्हीच करा तिचे अंत्यसंस्कार. अर्ज, निवेदन, धरणं, मोर्चा हे सगळं सरकारी कचेरीला पचतं. फाईल होते आणि जागेवर बसते. मेलेल्या गायीची फाईल होत नाही, तिचा वास येतो. त्या आंदोलनातून निघालेली घोषणाही याच जातीची होती: शेपूट तुम्ही धरा, आम्हाला जमीन द्या.

हे हसू आम्हाला परकं नाही. महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मृत मांस आणि मेलेली गुरं ओढण्याचं काम सोडायला सांगितलं, आणि महारवाड्यांनी ते सोडत नेलं. तेव्हा वृत्तपत्रांतून काही सवर्ण मंडळींना अस्पृश्यांच्या संसाराची फार काळजी वाटायला लागली. कातडं, शिंगं, हाडं यांतून वर्षाला पाचशे रुपये मिळतात, त्यावर हे लोक पाणी सोडतायत, असा त्यांचा हिशेब. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात, धर्मांतराच्या दुसऱ्याच दिवशी, बाबासाहेबांनी ही आठवण सांगितली. एवढा नफा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही, ओढा की गुरं, हे त्यांचं उत्तर. एका वाक्यात समोरच्याचा सगळा अर्थशास्त्रीय कळवळा जमीनदोस्त. हेच त्यांनी आकडेवारी देऊन, मुद्देसूद, गंभीरपणे सांगितलं असतं तर? सांगितलंही होतंच, आयुष्यभर, हजारो पानं. पण ही पाचशे रुपयांची गोष्ट वस्तीवस्तीत पोचली ती तिच्यातल्या चपराकीमुळे. भीमराव कर्डकांच्या जलशांनी हेच काम डफ-ढोलकीवर केलं.

आज तेच काम माइकसमोर उभी राहून बीडची अंकुर तांगडे करते, आणि ‘ब्लू मटेरियल’ या नावाने एकत्र येणारे तिच्यासारखे दलित विनोदकार करतात. त्यांच्यावरचा आक्षेप मी ऐकला आहे: सगळीकडे जात कशाला आणता, आम्ही हसायला येतो. गंमत आहे. आरक्षणावरचे विनोद इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांत, ऑफिसच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत अखंड चालतात, तेव्हा जात आणली असं कोणाला वाटत नाही. विनोदाची दिशा उलटी झाली, ज्याच्यावर हसत होतो तो माइक घेऊन आपल्यावर हसायला लागला, की एकदम विषयाचं गांभीर्य आठवतं. हलकी झालेली जात त्यांना खुपत नाही. आपल्याकडे वळलेली जात खुपते.

विनोदाला मी देव करत नाही. टांगलेल्या गायीने एकाही गायीच्या पोटातली पिशवी काढली नाही. ते काम शेवटी सुरी हातात घेतलेल्या पशुवैद्याचंच. वाईट विनोदही खंडीभर असतात, दुबळ्याला लाथ मारणारे, आणि त्यांना कला म्हणून कवटाळायचं कारण नाही. शिवाय कला केंद्राच्या आवारातला विनोद कचरा डेपोपर्यंत चालत जात नाही, हेही खरं. पण यावरचा उपाय विनोद बंद करणं हा नव्हे. गाय आवाराबाहेर, डेपोच्या वर टांगणं हा आहे.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे राजस्थानचं प्रकरण वाटत असेल, तर जरा आपल्या घरात बघा. गोवंश हत्याबंदीचा कायदा आपल्याकडे मार्च २०१५ पासून आहे. प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे, आणि ती कशी पाळली जाते हे मंडईत एक चक्कर मारली की कळतं. ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केलं, गोशाळांना दर गायीमागे दिवसाला पन्नास रुपये देऊ केले. राज्यमाता आपल्या शहरांतही कचराकुंडीपाशीच उभी असते आणि गाठ मारलेली पिशवी ओढत असते. विनोदाला इतकी सुपीक जमीन क्वचित मिळते. तरीही गेल्या दहा वर्षांत एकाही मराठी चित्रकाराची टांगलेली गाय माझ्या पाहण्यात आली नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. जवाहर कला केंद्राने सिद्धार्थ करारवालला रीतसर पत्र पाठवून तशीच दुसरी गाय करायला सांगावी आणि त्याच आवारात, त्याच उंचीवर, कायमची टांगावी. खाली पाटी एकच असावी: २१ नोव्हेंबर २०१५ रोजी ही पोलिसांनी उतरवली होती. पुण्याच्या बालगंधर्व कलादालनाने आणि मुंबईच्या जहांगीरने एकेक मागवून घ्यावी. कोणी तक्रार घेऊन आला तर तक्रार जरूर लिहून घ्यावी, आणि त्याच्या घरचा ओला-सुका कचरा वेगळा होतो का, ते त्याच अर्जात विचारावं.